परजीवीची साक्ष : समुद्री माशांचे समूह ओळखण्याच्या एका पद्धतीचा इतिहास

मराठीत ‘बांडगूळ’, ‘आयतोबा’, ‘परान्नपुष्ट’ हे शब्द निंदेचे आहेत. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याविषयीची तुच्छता त्यांत भरलेली आहे. युरोपीय भाषांतील ‘पॅरासाइट’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘पॅरासिटॉस’ या शब्दात असून त्याचा मूळ अर्थ ‘शेजारी बसून जेवणारा’ असा आहे. प्राचीन अथेन्समध्ये देवालयाशी संबंधित विशिष्ट सेवेकऱ्यांना हे नाव होते. पुढे ग्रीक आणि रोमन सुखात्मिकांत ते धनिकाच्या पंगतीला स्तुतीच्या मोबदल्यात बसणाऱ्या पात्राचे नाव झाले. जीवशास्त्राने हा शब्द त्यानंतर उचलला आणि निंदेची छटाही त्याबरोबर आली. साहित्याच्या तौलनिक अभ्यासकांना हा प्रवास अपरिचित नाही. फ्रेंच तत्त्वचिंतक मिशेल सेर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच शब्दाच्या आधारे संबंध, संदेश आणि व्यत्यय यांचा विचार केला होता.

विसाव्या शतकात मत्स्यविज्ञानाच्या क्षेत्रात या शब्दाला एक अनपेक्षित भूमिका मिळाली. माशाच्या शरीरातील परजीवी हा रोग किंवा दोष न मानता ‘साक्षीदार’ मानला जाऊ लागला. एकाच जातीचे मासे समुद्राच्या वेगवेगळ्या भागांत राहतात, परस्परांत मिसळतात, पुन्हा विलग होतात. त्यांतील कोणता मासा कोणत्या समूहाचा हे बाह्य रूपावरून सांगता येत नाही. अशा वेळी त्याच्या स्नायूंत, आतड्यात किंवा पित्ताशयात कोणता परजीवी आहे हे पाहून तो कोठे राहून आला हे सांगण्याची पद्धत विकसित झाली. या पद्धतीचा इतिहास हा पुराव्याच्या स्वरूपाविषयीचा इतिहासही आहे. परजीवी माशाचा वंश सांगत नाही, त्याचा वास सांगतो. या दोहोंतील अंतर कसे लक्षात आले आणि राजकारणाने ते कसे पुसले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. १९३९ : दोन आरंभ

या पद्धतीच्या इतिहासात १९३९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मेनच्या आखातात १९३० च्या दशकात ‘रेडफिश’ या लाल रंगाच्या माशाचा व्यापार वाढला. त्याचे काटे काढलेले तुकडे गोठवून विकले जात. या माशाच्या अंगावर ‘स्फायरियन लंपी’ नावाचा एक कोपेपॉड, म्हणजे कवचधारी वर्गातील लहान जीव, आढळतो. त्याची मादी आपले डोके माशाच्या मांसात खोल रुतवते आणि उरलेले शरीर बाहेर लोंबत ठेवते. ती मेल्यावरही मांसात गाठ उरते, आणि अशा गाठींचे तुकडे गिऱ्हाइकाला नको असत. हेरिंग्टन, बेअर्स आणि फर्थ या तिघांनी या उपद्रवाचा अभ्यास केला तो व्यापाराच्या गरजेतून. तथापि या परजीवीचे प्रमाण आखाताच्या सर्व भागांत सारखे नाही, असे त्यांना आढळले. मासे सर्वत्र मिसळत असते तर हे प्रमाण समपातळीवर आले असते. ते आले नव्हते. त्याअर्थी आखातातील रेडफिश हा एकजिनसी समुदाय नव्हता.

त्याच वर्षी सोव्हिएत रशियात डोगिएल आणि बिखोव्हस्की या परजीवीशास्त्रज्ञांनी कॅस्पियन समुद्रातील माशांच्या परजीवींवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. स्टर्जन माशांवरील दोन कृमींच्या आढळावरून या माशांचे गट वेगळे ओळखता येतात, असे त्यांनी दाखविले. या दोन कृमींपैकी ‘नित्सचिया स्टुरिओनिस’ या कृमीची आणखी एक कथा आहे. १९३० च्या दशकात कॅस्पियनमधील स्टर्जन अरल समुद्रात नेऊन सोडण्यात आले. त्यांच्याबरोबर हा कृमीही गेला आणि त्याची सवय नसलेल्या अरलमधील स्थानिक स्टर्जनांचा १९३६ मध्ये मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाला. कॅस्पियनमध्ये जो कृमी ओळखीचा पुरावा ठरला, तोच अरलमध्ये संहारक ठरला. परजीवीचे ‘स्थानिक’ असणे म्हणजे काय, याचा हा कठोर धडा होता.

मेनच्या आखातात बाजारपेठेची तक्रार होती, तर सोव्हिएत परंपरेत परजीवीकडे त्याच्या पर्यावरणासह पाहण्याची, डोगिएल यांनी घडविलेली दृष्टी होती. दोन भिन्न प्रेरणांतून एकच युक्तिवाद निर्माण झाला.

२. युक्तिवादाचे स्वरूप

हा युक्तिवाद समजून घेण्यासाठी परजीवीचे जीवनचक्र लक्षात घ्यावे लागते. अनेक कृमी आपले आयुष्य एकाच प्राण्यात पूर्ण करीत नाहीत. अंडे पाण्यात पडते, त्यातून निघालेली अळी एखाद्या सूक्ष्म कवचधारी जीवात शिरते, तो जीव मासा खातो, आणि त्या माशाला मोठा मासा, पक्षी किंवा देवमासा खातो. ज्याच्यावर परजीवी जगतो त्या प्राण्याला ‘पोशिंदा’ म्हटले, तर एका कृमीला असे दोन किंवा तीन पोशिंदे क्रमाने लागतात. पाण्याचे तापमान आणि क्षारता अनुकूल असून हे सर्व पोशिंदे जेथे एकत्र नांदतात, तेथेच त्या कृमीची साखळी पूर्ण होते. म्हणून माशाच्या शरीरातील कृमी हा त्या माशाने एके काळी एका विशिष्ट प्रदेशात अन्न घेतल्याचा दाखला असतो.

माशांच्या हालचाली जाणण्याचा रूढ मार्ग त्यांना बिल्ला लावून सोडणे हा होता. त्यासाठी मासा दोनदा पकडावा लागतो, पहिल्यांदा बिल्ला लावण्यासाठी आणि दुसऱ्यांदा तो परत मिळविण्यासाठी. हाताळणीत मासा दगावतो, बिल्ला गळून पडतो, आणि खोल समुद्रातील माशांना तो लावणेही कठीण. परजीवी हा निसर्गाने लावलेला बिल्ला असल्याने मासा एकदाच पकडला तरी पुरते. या विचारातूनच ‘जैविक खूण’ ही संज्ञा रूढ झाली.

१९५० च्या दशकात कार्ल सिंडरमन यांनी वायव्य अटलांटिकमधील हेरिंग माशांच्या बाबतीत ही पद्धत वापरली आणि १९६१ मध्ये समुद्री माशांसाठी परजीवीरूप खुणांचे विवेचन केले. त्याच वर्षी वुड्स होल येथे उत्तर अटलांटिकमधील माशांच्या खुणांविषयी परिसंवाद भरला. त्याच्या १९६३ मध्ये निघालेल्या ग्रंथात झ्बिग्निएव्ह काबाता यांनी या पद्धतीच्या अटी स्पष्टपणे मांडल्या. परजीवी एका समूहात विपुल आणि दुसऱ्यात विरळ असावा. त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे साधारण स्थिर असावे. अभ्यासाला लागणाऱ्या काळापुरता तरी तो माशात टिकावा. त्याने माशाचे वर्तन बदलू नये आणि त्याला मारूही नये. काबाता यांनी स्वतः ब्रिटनच्या आसपासच्या समुद्रातील व्हाइटिंग माशांच्या पित्ताशयातील सूक्ष्म परजीवींवर काम करून १९६७ मध्ये ते प्रसिद्ध केले.

काबाता (१९२४–२०१४) हे पोलिश. दुसऱ्या महायुद्धात ते ‘येन्द्रुशे’ या गनिमी तुकडीत होते आणि त्या तुकडीचे कवी म्हणून पोलंडमध्ये त्यांचे नाव आहे. युद्धानंतर ते मायदेशाबाहेर पडले, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे मत्स्यशास्त्रज्ञ झाले आणि १९६७ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नॅनाइमो येथे गेले. त्यांचे निर्वासितपण आणि ‘मासा कोठला’ हा त्यांचा शास्त्रीय प्रश्न यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळणेच उचित. मात्र ‘जन्म कोठला’ आणि ‘राहणे कोठले’ हे दोन प्रश्न वेगळे असतात, याची जाणीव त्यांच्या पिढीतील युरोपीय माणसाला ग्रंथांतून मिळवावी लागली नव्हती, एवढे म्हणता येईल.

३. १७५ अंश पश्चिम रेखांश

या पद्धतीची खरी कसोटी ज्या प्रकरणात लागली, ते उत्तर पॅसिफिकमधील सॉकाय सॅमनचे प्रकरण होय. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, सामान्यतः एक ते दोन वर्षे तळ्यात वाढतो, मग समुद्रात जाऊन दोन ते तीन वर्षे भटकतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मस्थानी परततो. अलास्कातील ब्रिस्टल बे या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांची तळी आणि रशियातील कामचात्का द्वीपकल्पावरील तळी ही त्याची दोन मोठी माहेरघरे. या दोहोंमध्ये पसरलेल्या समुद्रात मात्र तो कोणाचा?

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हता. जपानने १९३६ मध्ये ब्रिस्टल बेच्या परिसरात मासेमारीची पाहणी सुरू केल्यावर अमेरिकेत तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि १९३८ मध्ये जपानने ती स्थगित केली. २८ सप्टेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी किनाऱ्यालगतच्या समुद्रातील मत्स्यसंरक्षणाविषयी घोषणा केली. जपानवरील परकीय ताबा २८ एप्रिल १९५२ रोजी संपला आणि अवघ्या काही दिवसांत, ९ मे १९५२ रोजी, अमेरिका, कॅनडा आणि जपान यांनी टोकियो येथे उत्तर पॅसिफिकमधील मासेमारीच्या करारावर सह्या केल्या. त्यानुसार १७५ अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेस जपानने सॅमन पकडण्यापासून दूर राहावे असे ठरले. मात्र ही रेषा तात्पुरती होती. आशियाई आणि अमेरिकी मूळ असलेल्या सॅमनना अधिक न्याय्य रीतीने विभागणारी रेषा कोणती, हे शास्त्रीय संशोधनाने ठरवावयाचे होते.

एका आंतरराष्ट्रीय कराराने अशा प्रकारे जीवशास्त्राला ‘मूळ’ विचारले. उत्तर शोधणाऱ्यांत नॅनाइमो येथील लिओ मार्गोलिस (१९२७–१९९७) हे परजीवीशास्त्रज्ञ होते. त्यांनी निवडलेल्या खुणांपैकी दोन महत्त्वाच्या. ‘ट्रायनोफोरस क्रासस’ या पट्टकृमीची प्रौढावस्था पाईक या गोड्या पाण्यातील शिकारी माशाच्या आतड्यात असते. त्याची अळी आधी सूक्ष्म कवचधारी जीवात आणि मग कोवळ्या सॅमनच्या स्नायूत जाऊन बसते, आणि सॅमन समुद्रात गेला तरी तेथेच राहते. ही अळी पश्चिम अलास्काच्या, विशेषतः ब्रिस्टल बेच्या माशांत सापडे. दुसरी खूण म्हणजे तेव्हा ‘डॅक्निटिस ट्रुटी’ या नावाने ओळखला जाणारा आतड्यातील गोलकृमी. तो कामचात्काच्या माशांत सापडे. दोन्ही कृमी गोड्या पाण्यात लागत असल्याने भर समुद्रात पकडलेला मासा कोणत्या किनाऱ्यावरील तळ्यातून आला, हे त्यांवरून सांगता येऊ लागले.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गोलिस यांच्या विस्तृत अभ्यासाने समुद्राचे जे चित्र दिले ते रेषेला अनुकूल नव्हते. दोन्ही किनाऱ्यांचे सॅमन मधल्या समुद्रात परस्परांत मिसळतात आणि ब्रिस्टल बेचे मासे १७५ अंश पश्चिम रेखांश ओलांडून पुष्कळ पश्चिमेस जातात, असे त्यातून दिसले. बिल्ल्यांच्या आणि खवल्यांच्या अभ्यासांतूनही हेच मिश्रण पुढे येत होते. दोन समूहांना स्वच्छपणे विभागणारी एखादी रेषा असेल, हे कराराचे गृहीतक निसर्गाला मान्य नव्हते.

येथे पुराव्याची एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. ब्रिस्टल बेच्या प्रत्येक माशात ती अळी नसते. म्हणून अळी सापडली तर मासा कोठला हे सांगता येते, पण न सापडली तर काहीच सांगता येत नाही. खुणेचा अभाव म्हणजे उलट बाजूचा पुरावा नव्हे. एकेका माशाविषयीचे विधान आणि शेकडो माशांच्या नमुन्यावरून केलेले प्रमाणाचे विधान, या दोहोंत फरक करूनच हा पुरावा वापरावा लागतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा तर्क ओळखीचा वाटेल. दोन हस्तलिखितांतील समान शुद्ध पाठ त्यांचे नाते सिद्ध करीत नाही, कारण शुद्ध पाठ दोघांनाही स्वतंत्रपणे मिळू शकतो. समान चूक मात्र नाते सांगते. निरोगी मासा शुद्ध पाठासारखा मुका असतो, आणि ज्याला दोष म्हटले जाते तेच बोलते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की परजीवी ‘अमेरिकी’ किंवा ‘आशियाई’ असे काही सांगत नव्हता. तो एवढेच सांगत होता, की हा मासा लहानपणी अशा तळ्यात राहिला जेथे पाईक होता. ‘तळे’ या उत्तराचे ‘राष्ट्र’ असे भाषांतर कराराने केले. हे भाषांतर कायद्याला आवश्यक होते, आणि ज्यांच्या नद्यांत मासे परततात त्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न त्यात होता हेही खरे. पण ते भाषांतर होते, निरीक्षण नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस २०० सागरी मैलांच्या हद्दी आल्या आणि सुधारित करारान्वये जपानी बोटींना आणखी पश्चिमेस सरकावे लागले. ११ फेब्रुवारी १९९२ रोजी कॅनडा, जपान, रशिया आणि अमेरिका यांनी मॉस्को येथे केलेल्या नव्या कराराने उत्तर पॅसिफिकच्या खुल्या समुद्रात सॅमन पकडण्यावरच बंदी घातली. हा करार १९९३ मध्ये अमलात आला. समुद्रात रेषा ओढण्याचा प्रयत्न सोडून, मासा ज्या नदीत परततो त्या नदीच्या देशाची प्राथमिक जबाबदारी मान्य करण्यात आली. परजीवीने दिलेल्या उत्तराशी हे तत्त्व अधिक जुळणारे होते.

४. साक्षीदाराची उलटतपासणी

१९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील आर. जे. जी. लेस्टर यांनी या पद्धतीचे पुनर्मूल्यांकन केले. अल्पजीवी परजीवीऐवजी दीर्घकाळ टिकणाऱ्या परजीवींवर आणि एकाऐवजी अनेक परजीवींच्या एकत्रित विचारावर भर देण्याची दिशा त्यातून बळकट झाली. १९९८ मध्ये मॅकेन्झी आणि अबाउंझा यांनी पद्धतीची मार्गदर्शक सूत्रे नव्याने मांडली.

दरम्यान साक्षीदाराचीच ओळख संशयास्पद ठरली होती. ‘अ‍ॅनिसाकिस सिम्प्लेक्स’ हा गोलकृमी समुद्री माशांत सर्वत्र आढळतो. त्याची प्रौढावस्था देवमाशांत आणि डॉल्फिनमध्ये असते. दिसायला एकच असलेला हा कृमी प्रत्यक्षात एकाहून अधिक जातींचा समुच्चय आहे, असे इटालियन संशोधकांनी विकरांच्या अभ्यासावरून १९८६ मध्ये दाखविले. ज्या दोन समुद्रांतील माशांत ‘एकच’ कृमी आहे असे मानले जात होते, त्यांत दोन भिन्न कृमी असू शकत होते. जुन्या नोंदी त्यामुळे खोट्या ठरल्या नाहीत, पण अपुऱ्या ठरल्या. दुसऱ्या बाजूने या शोधामुळे खूण अधिक सूक्ष्मही झाली, कारण युरोपालगतच्या समुद्रांत त्यांतील एक जात मुख्यतः उत्तर अटलांटिकमध्ये आणि दुसरी मुख्यतः भूमध्य समुद्रात आढळते.

५. वंश आणि वास

या नव्या साधनांचा संयुक्त वापर २००० ते २००३ या काळातील एका युरोपीय प्रकल्पात झाला. विषय होता हॉर्स मॅकरेल हा मासा. नावात मॅकरेल असला तरी तो बांगड्याच्या कुळातला नव्हे. याच माशांवर आनुवंशिक चाचण्या, परजीवी, शरीराची मापे, कानातील खड्यांचा आकार अशा अनेक दिशांनी एकाच वेळी अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. तेव्हाच्या आनुवंशिक चाचण्यांना समूहांत फारसा भेद दिसला नाही. परजीवी आणि शरीराची घडण यांनी मात्र तो दाखविला. या सर्व पुराव्यांच्या आधारे अटलांटिकमधील पश्चिम आणि दक्षिण साठ्यांची सीमा स्पेनच्या वायव्य टोकाच्या फिनिस्टेरे भूशिराजवळ मानली जाऊ लागली. पुढे संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासांनी पूर्वीच्या चाचण्यांना न दिसलेले काही आनुवंशिक भेदही उघड केले. म्हणजे जनुके मुकी नव्हती, त्यांना प्रश्न विचारण्याची साधने स्थूल होती.

तथापि दोन पुराव्यांचा फरक यामुळे मिटत नाही. पिढीमागून पिढी थोडेसे मासे जरी इकडून तिकडे जात राहिले, तरी आनुवंशिक भेद पुसट होतात. पण मासेमारीचे प्रमाण ठरविणाऱ्याला हजारो वर्षांचे नाते नव्हे, तर या दशकात हे मासे वेगळे राहतात की नाही हे हवे असते. एका भागातील मासे संपविले तर दुसऱ्या भागातून ते भरून निघतील का, हा त्याचा प्रश्न. चुकीचे उत्तर मिळाले तर एखादा स्थानिक समूह नकळत नष्ट होतो आणि त्यावर जगणारे बंदरही ओस पडते. या प्रश्नाला आयुष्याची नोंद ठेवणारा पुरावा लागतो, आणि परजीवी तो देतो.

ग्रंथविद्येच्या क्षेत्रातही याच्याशी मिळतेजुळते एक उदाहरण अलीकडे पुढे आले आहे. एस. ब्लेअर हेजेस यांनी २०१३ मध्ये युरोपातील पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील काष्ठठशांच्या छापांचा अभ्यास केला. लाकडी ठसा भुंगेऱ्याने पोखरला की छापात पांढरा ठिपका उमटतो. या ठिपक्यांच्या आकारावरून उत्तर युरोपातील आणि दक्षिण युरोपातील भुंगेऱ्यांच्या दोन वेगळ्या जाती ओळखता आल्या. ठसा कोणी कोरला हे भोक सांगत नाही. तो कोठल्या कपाटात पडून होता हे मात्र सांगते.

समारोप

रेडफिशच्या मांसातील नकोशा गाठीपासून सुरू झालेला हा इतिहास तीन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, ज्याला एक शास्त्र दोष म्हणून बाजूला सारते, तेच दुसऱ्या प्रश्नासाठी प्रमाण ठरू शकते. दुसरी, साक्षीदाराची ओळख पक्की केल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, आणि ही ओळख कायमची पक्की होत नाही. समुद्राचे तापमान बदलत असताना परजीवींचे प्रदेशही सरकतात, त्यामुळे जुन्या नोंदी पुनःपुन्हा तपासाव्या लागतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ‘मूळ’ या एका शब्दात जन्म, वंश, वास आणि मालकी असे चार निरनिराळे अर्थ दडलेले असतात. परजीवी त्यांपैकी फक्त वासाविषयी बोलतो. १९५२ च्या कराराने त्याला मालकीविषयी विचारले, आणि त्याने दिलेल्या उत्तरात रेषा नव्हती, तळी होती.

साहित्यकृतींचे, कथांचे, शब्दांचे मूळ शोधणाऱ्या अभ्यासकाने स्वतःच्या पुराव्याला हाच प्रश्न विचारावयास हवा. हाती लागलेली खूण ती कृती कोणाच्या पोटी जन्मली हे सांगते आहे, की ती कोणत्या पाण्यात राहून आली हे?